ओसीआय कार्ड, ऊसतोडीचा हंगाम आणि एकमेकांची वाट पाहणारे कागद

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मानववंशशास्त्रात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीला बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांबरोबर एक पूर्ण हंगाम राहून प्रबंधाचे काम करायचे आहे. तिचा जन्म न्यू जर्सीतला, नागरिकत्व अमेरिकेचे, हातात ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया), म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे कार्ड आणि आजोळ गेवराई तालुक्यातले. तिच्या विद्यापीठाची एथिक्स कमिटी, म्हणजे आयआरबी, स्थानिक परवानगीचे पत्र मागते. भारतातल्या ज्या संस्थेशी तिचे बोलणे चालू आहे ती संस्था आधी आयआरबीची मान्यता मागते. आणि शिष्यवृत्ती देणाऱ्यांना दोन्ही कागद एकदम हवे आहेत. घरचे म्हणतात, "मामाकडेच तर येणार आहेस, त्याला परवानगी कसली?" तिने विचारले आहे, की सुरुवात नेमकी कुठून करावी, आणि मामाकडे राहायला आले असे सांगून काम उरकता येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते 'नाही' असे आहे आणि त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. गेली बावीस वर्षे मी पुण्यात राहून परदेशी विद्यापीठांतून महाराष्ट्रात क्षेत्रकार्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचे कागद, मुक्काम आणि गावातल्या ओळखीपाळखी यांचे काम पाहते. त्यांच्यातल्या मराठी घरांतल्या मुलामुलींची गफलत बहुतेक वेळा इथेच होते. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, तो आजन्म चालणारा व्हिसा आहे, आणि त्या व्हिसाला अटी आहेत. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला कोणत्याही कारणासाठी भारतात येता येते. मात्र काही कामांसाठी विशेष परवानगी घ्यावी लागते आणि त्या यादीत पहिलेच नाव संशोधनाचे आहे. त्यानंतर धर्मप्रचार, गिर्यारोहण, पत्रकारिता, परदेशी वकिलातींतील इंटर्नशिप आणि संरक्षित किंवा प्रतिबंधित क्षेत्रांतला प्रवास ही कामे येतात. ही परवानगी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय, म्हणजे एफआरआरओ, किंवा तुमच्या भागातली भारतीय वकिलात यांच्याकडे मागता येते.

अधिसूचनेत 'संशोधन' या शब्दाची व्याख्या दिलेली नाही, आणि पळवाटही इथूनच काढली जाते. आजीच्या आठवणी रेकॉर्ड केल्या तर ते संशोधन ठरेल का, ग्रंथालयात बसून जुनी वर्तमानपत्रे चाळली तर काय, हे प्रश्न मला दर वर्षी विचारले जातात आणि त्यांचे उत्तर खरोखरच परिस्थितीवर अवलंबून असते. तुमच्या बाबतीत मात्र शंकेला जागा नाही. ज्या कामाला तुमचे विद्यापीठ लेखी 'संशोधन' म्हणते, ज्यासाठी शिष्यवृत्ती मिळते आणि ज्यातून प्रबंध छापला जाणार आहे, त्याला विमानतळावर 'मामाकडे सुट्टी' म्हणणे म्हणजे आपल्याच कागदांनी आपल्याला खोटे पाडणे आहे. शिवाय कायद्याचे उल्लंघन झाल्यास नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ड नुसार ओसीआय नोंदणी रद्द होऊ शकते. प्रत्येकाची होते असे नाही, पण एका हंगामासाठी आजोळाची कायमची वाट बंद होण्याचा धोका पत्करावा असे मला वाटत नाही. तुमच्या वर्गातल्या भारतीय वंशाच्या नसलेल्या मित्राला हेच काम करायचे असते, तर त्याला रिसर्च व्हिसा काढावा लागला असता आणि त्याची फाइल दिल्लीत अधिक टेबलांवरून फिरली असती. त्या मानाने तुमचा रस्ता सोपा आहे.

आता मूळ अडचण. 'कोणकोणत्या परवानग्या लागतात' असे तुम्ही विचारता, पण यादी फार मोठी नाही. हे कागद एकमेकांची वाट पाहत बसले आहेत, ही खरी अडचण आहे. आयआरबी संस्थेची, संस्था आयआरबीची, एफआरआरओ संस्थेची आणि शिष्यवृत्तीवाले सगळ्यांची वाट पाहतात. घोंगडे भिजत पडते आणि दोष कोणाचाच नसतो. ही साखळी तोडायची तर एका कडीने अर्धवट का होईना, आधी हलावे लागते. माझ्या अनुभवात ती कडी म्हणजे भारतातली संस्था, कारण तिला अंतिम परवानगी द्यायची नसते, फक्त 'या विद्यार्थिनीला आमच्याकडे संलग्न करून घेण्यास आमची तत्त्वतः संमती आहे, अंतिम पत्र आयआरबीची मान्यता मिळाल्यावर देऊ' एवढे एका पानावर लिहून द्यायचे असते. 'तत्त्वतः' या शब्दाला आपल्याकडच्या कार्यालयांत मोठी किंमत आहे. त्या शब्दाखाली सही करताना कोणाचा हात अडखळत नाही. हे पान मिळाले की आयआरबीकडे अर्ज करता येतो, आणि बहुतेक आयआरबी स्थानिक कागद नंतर जोडण्याच्या अटीवर मान्यता देतात. ती अटीसह मान्यता संस्थेला दाखवून अंतिम पत्र घ्यायचे आणि मग एफआरआरओकडे जायचे.

या क्रमात एक पथ्य आहे, आणि माझ्या मते ते कोणत्याही फॉर्मपेक्षा महत्त्वाचे आहे. सगळीकडे तुमच्या कामाचे वर्णन शब्दशः एकच असले पाहिजे. विद्यार्थी आयआरबीला 'स्थलांतर, श्रम आणि शरीर' असे भारदस्त काहीतरी लिहितात, संस्थेला 'ऊसतोड महिलांचे आरोग्य' म्हणून सांगतात आणि सरकारी अर्जात घाबरून 'ग्रामीण संस्कृतीचा अभ्यास' असे लिहून मोकळे होतात. पुढे तीनही कागद एकाच टेबलावर आले, की समोरच्या माणसाला तीन वेगळी कामे दिसतात आणि त्याला संशय येतो. म्हणून आधी मराठीत आणि इंग्रजीत पाच-सहा ओळींचे साधे वर्णन तयार करा आणि तेच सगळीकडे चिकटवा. त्यात कुठे, कधी, कोणाबरोबर, काय विचारणार आणि काय विचारणार नाही, एवढे असावे.

'कुठे' या शब्दापाशी थोडे थांबा. ऊसतोड मजुरांची टोळी एका जागी राहत नाही. बीडमधून निघालेली टोळी साताऱ्यात, सांगलीत किंवा कोल्हापुरात तर जातेच, पण बेळगाव आणि बागलकोटकडच्या कारखान्यांवरही जाते, आणि कोणत्या कारखान्याची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घ्यायची हे मजूर पुरवणारा मुकादम ठरवतो, संशोधक नव्हे. अर्जात फक्त 'बीड जिल्हा' लिहिले आणि जानेवारीत टोळी कर्नाटकात गेली, तर तुमचे काम कागदावर बेकायदा ठरते आणि कार्यालयही बदलते. म्हणून सुरुवातीलाच दोन्ही राज्ये आणि संभाव्य जिल्हे लिहा. जास्त जिल्हे लिहिल्याने अर्ज अडला, असे मी अजून पाहिलेले नाही. न लिहिलेल्या जिल्ह्यामुळे मात्र तो अडलेला पाहिला आहे.

'काय विचारणार' हा भाग तुमच्या बाबतीत नाजूक आहे, कारण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिले आहे, की स्त्रियांचे हिमोग्लोबिनही तपासायचा विचार आहे. ही एक ओळ तुमचे संपूर्ण प्रकरण वेगळ्या दरवाजासमोर नेऊन उभे करते. रक्ताचा थेंब आला की काम सामाजिक अभ्यासाचे राहत नाही, ते आरोग्य संशोधन होते. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची नीतितत्त्वे लागू होतात, भारतातल्या नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मान्यता लागते, आणि परदेशी पैसा किंवा परदेशी सहकार्य असल्यामुळे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावे लागते. या वाटेने गेलेल्यांपैकी एका हंगामाच्या आत परत आलेला मला आठवत नाही. शिवाय बीडमध्ये हा विषय तापलेला आहे. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली आणि जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. तेव्हापासून 'बाहेरून आलेली मुलगी बायकांच्या दुखण्याबद्दल विचारते' हे वाक्य तिथल्या दवाखान्यांत, कचेऱ्यांत आणि मुकादमांच्या बैठकीत वेगळ्या कानांनी ऐकले जाते.

माझा सल्ला असा, की हिमोग्लोबिन सोडून द्या. रक्तक्षयाचे आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ च्या पाहणीत, उपलब्ध आहेत. ते संदर्भाला पुरेसे आहेत. स्त्री स्वतःहून आपल्या शस्त्रक्रियेबद्दल बोलली तर ते ऐकणे आणि तपासणीची सुई घेऊन बसणे यांत फरक आहे. हा फरक वर्णनात स्पष्ट लिहा आणि तेवढे ऐकण्यासाठी स्थानिक एथिक्स कमिटीची गरज आहे का, हे संलग्न संस्थेला लेखी विचारून उत्तर फाइलला लावा. संस्थांची मते इथे वेगवेगळी असतात, म्हणून तोंडी उत्तरावर विसंबू नका.

आयआरबीच्या संमतिपत्राबद्दल एक प्रसंग सांगते. सांगली जिल्ह्यात एका फडाच्या कडेला, कोप्यांसमोर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांसमोर, आमच्याकडची एक विद्यार्थिनी संध्याकाळी बसली होती. डोक्यावर वाढ्याची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, मोळी घेऊन आलेल्या एका बाईंशी तिच्या चांगल्या गप्पा झाल्या, चहा झाला, आणि मग तिने पिशवीतून दोन पानांचे संमतिपत्र आणि शाईचे पॅड काढले. बाईंनी हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "अंगठा कशाला ओ? आम्ही तुमची उचल नाय घेतली." पाच मिनिटांत मुकादम तिथे येऊन उभा राहिला. ज्या माणसांच्या आयुष्यात अंगठा म्हणजे कर्ज, त्यांच्यासमोर ते पॅड काढणेच चूक होते. पण विद्यापीठाने तर सही किंवा अंगठा सक्तीचा केला होता, आणि विद्यार्थिनीला दुसरा मार्ग असू शकतो हे माहीतच नव्हते.

मार्ग आहे. माणसांवरील संशोधनासंबंधीच्या अमेरिकेच्या संघीय नियमांत २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार, सहभागी होणाऱ्यांच्या समाजात कागदावर सही करण्याची रीत नसेल, कामातला धोका किमान असेल आणि संमतीची नोंद ठेवण्याची दुसरी योग्य पद्धत असेल, तर आयआरबी सहीची अट माफ करू शकते. ही माफी आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते आणि तिचे कारण समजावून सांगावे लागते. उचल, अंगठा आणि कर्ज यांचा संबंध तुमच्या अर्जात एका परिच्छेदात लिहा. समितीतल्या ज्या सदस्यांनी ऊस कधी पाहिलेला नाही, त्यांनाही तो समजतो. नोंदीसाठी मी सुचवते ती पद्धत अशी, की संमतीचे चार वाक्यांचे बोलणे तुम्ही बीडच्या बोलीत म्हणून दाखवायचे, आणि ती स्त्री हो म्हणाली की तारीख, जागा आणि सांकेतिक नाव तुमच्या वहीत लिहून खाली तुमची स्वतःची सही करायची. विद्यापीठाने नेमलेला भाषांतरकार 'आपला सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून' असे लिहून देईल. ते मराठी बरोबर आहे, पण फडावर कोणाच्या तोंडी नाही. 'सांगावंसं वाटलं तर सांगा, नाय सांगितलं तरी काय बिघडत नाय' असे वाक्य मंजूर करून घ्या.

आता वेळापत्रक, कारण ऊस कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. गळीत हंगाम कधी सुरू करायचा हे मंत्री समिती ठरवते. २०२३ मध्ये १ नोव्हेंबर ठरला होता, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबर. टोळ्या साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झाले, की परततात. पण तुमच्या विषयाचा अर्धा भाग त्याआधीच घडतो. पावसाळ्यात मुकादम गावात फिरतो, नवराबायकोचा एक 'कोयता' धरून उचल ठरते आणि कोणाच्या लेकरांना आजीकडे ठेवायचे ते घरात ठरते. हे पाहायचे असेल तर ऑगस्टमध्ये गेवराईत असायला हवे. तुम्ही मार्चमध्ये विचारता आहात, म्हणजे हातात पाच महिने आहेत. संस्थेचे तत्त्वतः पत्र एप्रिलअखेर, आयआरबी जूनमध्ये आणि त्याच महिन्यात एफआरआरओचा ऑनलाइन अर्ज, असे धरा. ओसीआयची संशोधन परवानगी माझ्या विद्यार्थ्यांना कधी चार आठवड्यांत मिळाली आहे, कधी साडेतीन महिने लागले आहेत, आणि दोन्ही फाइली जवळपास सारख्या होत्या. म्हणून विमानाचे तिकीट बदलता येणारे काढा.

एका विद्यार्थिनीचे संलग्नतेचे पत्र एका संस्थेत अकरा आठवडे पडून होते. सही झालेली होती, शिक्का होता, फक्त जावक क्रमांक टाकायचा राहिला होता आणि त्या टेबलावरचे गृहस्थ बाळंतपणाच्या रजेवरच्या सहकाऱ्याचे कामही पाहत होते. ती फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचली. तिला हंगामाचे उरलेले पाच आठवडे मिळाले, आणि फडाऐवजी परतीच्या ट्रॅक्टरवर प्रबंध लिहिण्याची वेळ आली. प्रबंध चांगला झाला, हे तिचे कौतुक.

एफआरआरओची परवानगी हातात आली म्हणजे गावात प्रवेश मिळाला असे होत नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस अधीक्षक कार्यालय आणि संबंधित पोलीस ठाणे यांना माहितीसाठी एक-एक पत्र द्या. ही परवानगी मागण्याची पत्रे नव्हेत, कळवण्याची आहेत. 'परवानगी मिळावी' असे लिहिले की कारकून ते परवानगीचे प्रकरण म्हणून नोंदवतो आणि मग ते कोणीतरी देण्याची वाट पाहावी लागते. 'माहितीसाठी सविनय सादर' एवढे पुरते. प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या आणि ती पोच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून फडावर जवळ ठेवा. गावचे पाटील किंवा बीट हवालदार विचारायला आले, तर पासपोर्टपेक्षा ती पोच जास्त कामाला येते.

कारखान्याकडे वेगळे जावे लागते, कारण कोप्या बऱ्याचदा कारखान्याच्या जागेवर असतात. कार्यकारी संचालकांना पत्र द्यायचेच, पण रोजचा संबंध शेतकी विभागाशी आणि चिटबॉयशी, म्हणजे टोळ्यांना तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाशी, येतो. कोणती टोळी उद्या कोणत्या फडात आहे, हे त्यालाच माहीत असते. पुण्यात शिवाजीनगरच्या साखर संकुलात साखर आयुक्तालय आहे. तुमच्या कामाला त्यांची परवानगी लागत नाही, तरीही तिथे एक प्रत दिल्याची पोच कारखान्याच्या फाटकावर उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

पैशाबद्दल थोडक्यात. स्थानिक संस्थेतर्फे सहायिकेला मानधन द्यावे, असे तुमच्या विद्यापीठाला सुचेल. परदेशातून येणारा असा पैसा घेण्यासाठी त्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो आणि दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. सेवेचे रीतसर बिल देऊन घेतलेले शुल्क वेगळे धरले जाते, पण ते तसे धरता येईल की नाही हे त्या संस्थेच्या सीएला ठरवू द्या. भिडेखातर 'हो' म्हणणाऱ्या छोट्या संस्थेला तुमच्यामुळे नोटीस येऊ नये.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. क्षेत्रकार्याला निघणाऱ्या विद्यार्थ्याला अमेरिकेतली काही विद्यापीठे सुरक्षिततेसाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र देतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे यंत्र बाळगणे गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी महिलेला याच कारणावरून ताब्यात घेतले गेले होते. ते यंत्र विद्यापीठाला परत करा आणि सुरक्षा योजनेत स्थानिक सिम कार्ड, मामांचा नंबर आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे नाव लिहा.

मामांना काय सांगायचे, हेही तुम्ही विचारले होते. खरे ते सांगा, आणि त्यांच्या घरातून कोणाची मुकादमकी चालते का, हे आधी विचारून घ्या. गेवराईत नात्यात एखादा मुकादम निघणे मुळीच अशक्य नाही. तसे निघाले तर त्याच्या टोळीत काम करू नका आणि हे नाते आयआरबीला आधीच कळवा. नाहीतर ज्या बायकांनी उचल घेतली आहे, त्या उचल देणाऱ्या मुकादमाच्या नात्यातल्या मुलीला नाही म्हणू शकणार नाहीत, आणि मग संमतीचा सगळा खटाटोप वाया गेला.

या आठवड्यात एवढेच करा: पाच ओळींचे वर्णन लिहा आणि संस्थेला तत्त्वतः संलग्नतेचे पत्र मागा. पत्राचा मसुदा तुम्हीच तयार करून पाठवा, म्हणजे टंकलेखनाचे निमित्त उरत नाही. सही झाल्याचे कळले की फोन करून जावक क्रमांक पडला का ते विचारा, आणि तो पडल्याशिवाय स्कॅन केलेली प्रत आयआरबीकडे पाठवू नका.